वाचकांचे प्रश्न: ड्युएन ऑल्मनचे सोलो, ऐकावेत कोणते आणि वाजवावेत कसे

गेल्या अंकातल्या सदर्न रॉकवरच्या (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, ब्लूजवर पोसलेल्या रॉकवरच्या) लेखानंतर आलेल्या पत्रांत गिटारवादक ड्युएन ऑल्मनबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देत आहोत. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म २० नोव्हेंबर १९४६, नॅशव्हिल. १९६९ मध्ये फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलला त्याने धाकटा भाऊ ग्रेग याला सोबत घेऊन 'ऑल्मन ब्रदर्स बँड' उभा केला. पुढे बँडने जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात बस्तान बसवलं आणि २९ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथेच मोटरसायकल अपघातात तो गेला. वयाची पंचविशीही गाठली नव्हती. खाली ज्या सोलोंचा उल्लेख आहे ते सगळे जेमतेम तीन वर्षांतले आहेत.

प्रश्न: ड्युएन ऑल्मन ऐकायला सुरुवात कुठून करावी? त्याचे सर्वोत्तम पाच सोलो सांगाल का? (वाचक, पुणे)

पाच सांगतो, पण शक्यतो याच क्रमाने ऐका.

पहिला, विल्सन पिकेटने गायलेलं 'हे ज्यूड'. अलाबामातल्या मसल शोल्स इथल्या फेम स्टुडिओत नोव्हेंबर १९६८ मध्ये हे रेकॉर्डिंग झालं. तेव्हा ड्युएन तिथे साथीचा गिटारवादक होता आणि हे गाणं घ्यावं ही सूचनाही त्याचीच. कडव्यांमध्ये तो अगदी आवरून वाजवतो. शेवटी पिकेट किंचाळायला लागला की मात्र गिटार त्याच्याशी बोलायला लागते. पिकेटची आरोळी कुठे संपते आणि गिटारचं उत्तर कुठे सुरू होतं, एवढंच लक्ष देऊन ऐका. गाणाऱ्याच्या श्वासाच्या जागा ओळखून तिथे वाजवणं ही त्याच्या सगळ्या वादनाची किल्ली आहे.

दुसरा, 'स्टेट्सबरो ब्लूज'. हा, आणि पुढचे दोन, 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' या दोन तबकड्यांच्या अल्बममधले. न्यूयॉर्कमधल्या फिलमोर ईस्ट सभागृहात १२ आणि १३ मार्च १९७१ ला झालेल्या मैफलींतून टॉम डाउड याने तो तयार केला आणि जुलैमध्ये तो बाजारात आला. स्लाइड गिटार, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवणं, शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला धडा नाही.

तिसरा, 'स्टॉर्मी मंडे'. इथे स्लाइड नाही, नुसती बोटं आणि पिक (तार छेडायची पातळ पत्ती). गाणं जी या पट्टीत, बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) संथ ब्लूज. सातव्या बारपासून मात्र नेहमीच्या ब्लूजची वाट सोडून कॉर्ड्स जी, ए मायनर, बी मायनर, बी फ्लॅट मायनर, पुन्हा ए मायनर आणि मग सी मायनर अशा चढतात-उतरतात. पहिला सोलो ड्युएनचा. प्रत्येक कॉर्डमागे न धावता तो एक लांब वाक्य सगळ्यांवरून नेतो आणि सी मायनरवर बरोबर त्या कॉर्डचा सूर घेऊन थांबतो. हा थांबा दोन-तीनदा ऐकून पाहा. मूळ तबकडीवर या गाण्यातला माउथ ऑर्गनचा सोलो कापलेला आहे, त्यामुळे इतर आवृत्त्यांत लांबी वेगळी आढळली तर गोंधळू नका.

चौथा, 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

पाचवा, बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं 'ड्रीम्स'. तीनाच्या ठेक्यावर झुलणारं, कॉर्ड फारशा न बदलणारं गाणं. सोलो साध्या बोटांनी सुरू होतो आणि मध्यावर स्लाइड येते. आमच्या मते त्याने स्टुडिओत वाजवलेला हा सर्वांत परिपूर्ण सोलो आहे.

'लेला' या यादीत मुद्दाम घेतलं नाही. १९७० मध्ये मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टनबरोबर केलेलं ते काम मोठंच आहे, पण तिथे गिटारचे थरावर थर चढवलेले आहेत. कान तयार नसेल तर ड्युएन कुठला आणि क्लॅप्टन कुठला हे वेगळं काढता येत नाही. वरचे पाच पचले की तिकडे वळा. आणि हाताशी निवांत वेळ असेल तर बॉझ स्कॅग्जचं १९६९ चं 'लोन मी अ डाइम' ऐका. बारा मिनिटांहून मोठ्या संथ ब्लूजमध्ये तो एकेक पायरी कसा चढत जातो हे त्यात फार स्वच्छ दिसतं.

प्रश्न: 'स्टेट्सबरो ब्लूज' वाजवायला घेतलं आहे. ट्यूनिंग, तारा, स्लाइड हे सगळं नेमकं काय लागतं? (वाचक, कोल्हापूर)

ट्यूनिंग ओपन ई. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. नेहमीच्या ट्यूनिंगमधून इथे येताना तीनच तारा बदलतात: पाचवी ए वरून बी, चौथी डी वरून ई, म्हणजे दोन्ही एकेक पूर्ण सूर वर, आणि तिसरी जी वरून जी शार्प, अर्धा सूर वर. तिन्ही तारा वरच चढतात, त्यामुळे ताण वाढतो. पूर्ण सूर चढवलेल्या तारेवर सुमारे २६ टक्के, अर्धा सूर चढवलेल्या तारेवर सुमारे १२ टक्के जास्त. तारा जुन्या असतील तर इथेच तुटतात, म्हणून नवीन सेट घालूनच ट्यूनिंग करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. मान किंचित वाकते आणि सगळ्या तारा थोड्या उतरतात. गिटार जुनी किंवा अकूस्टिक असेल आणि एवढ्या ताणाची भीती वाटत असेल, तर सगळं एक पूर्ण सूर खाली घेऊन (डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी) दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावा. सूर तेच मिळतात.

तारा १० ते ४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) सेटवरही चालतात, पण ११ चा सेट स्लाइडला जास्त बरा. तारांची उंची बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर ठेवा. यापेक्षा खाली असेल तर स्लाइड फ्रेटच्या पट्ट्यांवर खटखट आपटते. फार वर नेली तर त्याच गिटारवर साधं वाजवणं अवघड होतं.

ड्युएनची स्लाइड म्हणजे कॉरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची काचेची रिकामी बाटली, एका बाजूने बंद. तो ती डाव्या हाताच्या अनामिकेत घालायचा. आजारी असताना ग्रेगने त्याला या गोळ्यांची बाटली आणि ताज महाल या ब्लूज गायकाचा अल्बम दिला, त्या अल्बममध्ये जेसी एड डेव्हिसने स्लाइडवर वाजवलेलं 'स्टेट्सबरो ब्लूज' होतं, आणि तिथून सगळं सुरू झालं, असं ग्रेग सांगत असे. मूळ गाणं त्याही आधीचं, जॉर्जियाच्याच ब्लाइंड विली मॅकटेलचं. तुमच्यासाठी जाड काचेची, बोटात घट्ट न बसणारी पण हात झटकल्यावर निसटणार नाही अशी नळी पुरे. पातळ काच घेऊ नका, स्वर किरटा येतो. पितळेची नळी जास्त टोकदार वाजते. या गाण्याला काचेचा गोलवा हवा.

आता पट्टी. फिलमोरमधलं गाणं डी मध्ये आहे, आपल्या भाषेत पांढरी दोन. ओपन ई मध्ये डी ची पूर्ण कॉर्ड दहाव्या फ्रेटवर, जी तिसऱ्या किंवा पंधराव्यावर, ए पाचव्या किंवा सतराव्यावर. मुक्काम दहाव्या फ्रेटवर करा. तिथे पहिली तार डी म्हणजे षड्ज, दुसरी ए म्हणजे पंचम, तिसरी एफ शार्प म्हणजे शुद्ध गांधार. दोन फ्रेट मागे आठव्यावर पहिल्या तारेत कोमल निषाद आणि दुसऱ्या तारेत मध्यम. एवढ्या चौकोनात त्याच्या बहुतेक लहान जागा बसतात.

सगळ्यात मोलाची जागा तिसऱ्या तारेवर आहे. नवव्या फ्रेटवर कोमल गांधार, दहाव्यावर शुद्ध. ड्युएन या दोन्हींच्या मधे राहतो. नवव्याच्या थोडं वरून सुरू करून दहाव्याकडे सरकायचं, पण पोहोचायची घाई करायची नाही. ब्लूजचं सगळं दुखणं या अर्ध्या इंचात आहे. पुष्कळ जण दहाव्यावर थेट उतरतात आणि मग सूर बरोबर असूनही ते ब्लूज वाटत नाही.

उजव्या हातात पिक नको. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा. ड्युएन स्लाइड अशीच वाजवायचा, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न: स्लाइडवर सूर लागला तरी मागे सतत घरघर येते, बाकीच्या तारा वाजत राहतात. स्लाइड बदलून पाहिली, फरक नाही. (वाचक, डोंबिवली)

दोष स्लाइडचा नाही, बाकीच्या तारा स्पर्शाने गप्प न करण्याचा आहे. वरचंच उदाहरण घ्या. ओपन ई मध्ये मोकळ्या तारा ई, बी आणि जी शार्प. गाणं डी मध्ये. डी च्या कॉर्डमध्ये डी, एफ शार्प आणि ए असतात, म्हणजे एकही मोकळी तार कॉर्डमध्ये बसत नाही, आणि जी शार्प तर तीव्र मध्यम होतो. एक तार जरी सुटी राहिली तरी सगळं गढूळ होतं.

उपाय दोन्ही हातांत आहे. डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा स्लाइडच्या मागे, म्हणजे डोक्याच्या बाजूला, तारांवर नुसत्या टेकवून ठेवा. दाबायचं नाही, फक्त स्पर्श. स्लाइड आणि नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) मधला तारेचा तुकडा वाजतो आणि तीच तुमची घरघर आहे. ती याने थांबते. उजव्या हातात एकेका बोटाला एकेक तार वाटून द्या. दुसरी तार वाजवायची असेल तर अंगठ्याची कड जाड तारांवर आडवी, तर्जनी तिसरीवर टेकलेली, मध्यमा दुसरी छेडते. पहिलीवर जाताना तर्जनी दुसरीवर येते. पिक धरला की ही बोटं अडकून पडतात.

पहिले काही दिवस सोलो बाजूला ठेवा. एक सूर छेडा, चार मात्रा धरा, मग उजव्या हाताच्या बोटाने तो बंद करा आणि पूर्ण शांतता येते का ते ऐका. येत नसेल तर कुठली तार गुणगुणते आहे ते शोधा. आवाज थांबवता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

बेसूर होण्याची तक्रारही बऱ्याच पत्रांत आहे. साधं वाजवताना बोट फ्रेटच्या पट्टीमागे ठेवतो, स्लाइड मात्र पट्टीच्या बरोबर वर हवी. गिटारकडे तिरकं पाहिलं की डोळा फसवतो आणि स्लाइड एखादा मिलिमीटर मागे राहते, त्यामुळे सूर कायम उतरलेला लागतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे पट्ट्या जवळ येतात, तिथे एवढासा फरकही कानाला टोचतो. मोबाइलवरचा तानपुरा पांढरी दोनला लावा आणि डोळे मिटून दहाव्या फ्रेटवर उतरा. सूर हलवताना आधी सुरावर पोहोचा, मग स्लाइड त्याच्या खाली आणि पुन्हा सुरावर आणा. वर ओलांडून जाऊ नका. खालचं आंदोलन कान सहन करतो, वर गेलेला सूर नाही.

प्रश्न: 'फ्री बर्ड'चा शेवटचा लांब सोलो ड्युएन ऑल्मनचाच ना? (वाचक, नागपूर)

नाही. ते लिनर्ड स्किनर्ड या जॅक्सनव्हिलच्याच दुसऱ्या बँडचं गाणं, १९७३ च्या अल्बममधलं, म्हणजे ड्युएन गेल्यानंतरचं. शेवटचा सोलो अ‍ॅलन कॉलिन्सचा, सुरुवातीची स्लाइड गॅरी रॉसिंग्टनची. बँड ते गाणं मैफलीत ड्युएनच्या स्मृतीला अर्पण करत असे, म्हणून हा समज पसरला असावा.

प्रश्न: ऑल्मन ब्रदर्समध्ये डिकी बेट्सही तितकाच चांगला वाजवतो. दोघांपैकी कोण वाजवतोय हे ओळखायचं कसं? (वाचक, म्हापसा)

ड्युएन असतानाच्या रेकॉर्डिंगमध्ये स्लाइड ऐकू आली तर ड्युएन, हे पहिलं. बिनस्लाइडच्या गाण्यांत क्रम लक्षात ठेवणं सर्वांत सोपं. 'स्टॉर्मी मंडे'त आधी ड्युएन, मग ग्रेगचा ऑर्गन, मग बेट्स. 'एलिझाबेथ रीड'मध्ये उलट: बेट्स, ऑर्गन, ड्युएन. तेवीस मिनिटांच्या 'व्हिपिंग पोस्ट'मध्ये पुन्हा ड्युएन आधी. १९७२ च्या 'ईट अ पीच'मधल्या 'ब्लू स्काय'मध्ये एक मिनिट सात सेकंदांवर ड्युएन सुरू होतो, अडीच मिनिटांच्या आसपास दोघं मिळून एक जोडओळ वाजवतात आणि लगेच बेट्स एकटा पुढे जातो.

या शेवटच्या गाण्यावर कान तयार करा. ई मेजरमधली आनंदी चाल, दोघांचा आवाज स्वच्छ. बेट्स सरगमीच्या लहान लहान नक्षीतून गोलाकार फिरतो. त्याच्यात गावाकडच्या फिडलवादनाचा गोडवा आहे. ड्युएन मेजर चालीतही ब्लूज सोडत नाही, एखादी जागा पकडून ती चार वेळा वेगवेगळ्या वजनाने म्हणतो. हे एकदा ऐकू आलं की क्रम पाठ करायची गरज राहत नाही.

प्रश्न: हार्मोनियम शिकते, गिटार नवीन. 'एलिझाबेथ रीड'मधला सोलो कुठल्या सुरांत आहे आणि इतका लांब सोलो कोसळत कसा नाही? (वाचक, ठाणे)

तुम्हाला हे इतर गिटारवाल्यांपेक्षा लवकर कळेल. सोलोच्या भागातले सूर ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी. षड्ज ए म्हणजे पांढरी सहा धरलात तर गांधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध: हा सरळ काफी थाट आहे. पाश्चात्त्य नाव डोरियन. खाली कॉर्ड फार बदलत नाहीत, त्यामुळे वाजवणाऱ्याला चालीच्या वळणांमागे न धावता एकाच स्वरसमूहात राहून विस्तार करता येतो. हे वळण त्या काळच्या रॉकमधलं नाही, जॅझमधलं आहे. माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' अल्बम ड्युएन सतत ऐकायचा.

रचना बेट्सची. मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीतल्या एका थडग्यावरचं नाव त्याने गाण्याला दिलं. पुढे ड्युएन आणि बासवादक बेरी ओकली यांचं दफनही त्याच स्मशानभूमीत झालं.

फिलमोरमधल्या ड्युएनच्या सोलोत तुम्हाला चार गोष्टी शोधायला सांगू. तो शांत सुरू होतो आणि गाण्याच्या मुख्य चालीचीच आठवण करून देतो, नवीन काही सांगायची घाई नाही. मग लहान वाक्यं, मधे मोकळी जागा. तिथे ओकलीचा बास काय बोलतो ते ऐका, कारण ड्युएन त्याला उत्तर देतो. त्यानंतर वर चढत एका टोकाला पोहोचतो, आणि इथे बहुतेक वादक संपवतील. तो मात्र आवाज एकदम खाली आणतो, पुन्हा विचार करतो आणि दुसऱ्यांदा आधीपेक्षा उंच जातो. सोलो कोसळत नाही तो या मधल्या उतारामुळे. पहिल्या चढावरच सगळं खर्च केलं असतं तर दुसऱ्याला काही उरलं नसतं.

रियाजासाठी: पांढरी सहाचा तानपुरा लावा, पाचव्या फ्रेटच्या आसपास फक्त ए, बी, सी, डी हे चार सूर घ्या आणि दोन मिनिटं त्यांतच वाजवा. कंटाळा आला तरी पाचवा सूर घेऊ नका. लय बदला, जोर बदला, जागा सोडा. मग ई घ्या. शुद्ध धैवत, म्हणजे एफ शार्प, सर्वांत शेवटी. तो उशिरा आला की त्याचा उजेड पडतो.

प्रश्न: 'ड्रीम्स'चा स्लाइडचा भागही ओपन ई मध्येच का? आणि फ्लॅटमध्ये राहून तो आवाज मिळवायचा कसा? (वाचक, मुंबई)

'ड्रीम्स' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे. साध्या बोटांवरून मधेच स्लाइडवर जायचं तर ट्यूनिंग बदलायला वेळ कुठे? 'माउंटन जॅम'मध्येही तसंच. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये एका फ्रेटवर दुसरी, तिसरी आणि चौथी तार मिळून पूर्ण मेजर कॉर्ड देतात, बाकीच्या तारा देत नाहीत. म्हणून इथे तारा गप्प ठेवण्याची शिस्त दुप्पट लागते. ओपन ई जमल्यावरच याला हात घाला.

आवाजाबद्दल: तो लेस पॉल गिटार पन्नास वॅटच्या मार्शल अ‍ॅम्पमधून मोठ्या आवाजात वाजवायचा. घुसमटलेला फझ त्या आवाजात नाही, अ‍ॅम्प स्वतः ताणला गेल्याची गरमी आहे. घरी पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प किंवा हेडफोनवरचं मॉडेलिंग चालेल. गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारं बटण) निम्म्याच्या खाली ठेवा, बास कमी, मिड्स जास्त. ब्रिजचा पिकअप घ्या आणि गिटारचा टोन थोडा मागे आणा. गेन वाढवून सूर लांबवायचा मोह आवरा; त्याने मोकळ्या तारांची घरघरही तेवढीच वाढते. हळू छेडलं की स्वच्छ आणि जोरात छेडलं की फाटका असा आवाज आला, की सेटिंग बरोबर आहे.

प्रश्न: ड्युएननंतर स्लाइडमध्ये पुढे कोणाला ऐकावं? हिंदुस्थानी संगीताशी याचा काही संबंध आहे का? (वाचक, न्यू जर्सी)

डेरेक ट्रक्स. ऑल्मन ब्रदर्सचा ड्रमर बुच ट्रक्स याचा पुतण्या, १९९९ पासून २०१४ पर्यंत त्याच बँडमध्ये. ओपन ई, पिक नाही, काचेची बाटली, हे सगळं ड्युएनचंच. पण डेरेकने कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या संस्थेत शिक्षण घेतलं, आणि त्याच्या मींडेत सरोदचा विचार स्पष्ट ऐकू येतो: एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतला प्रत्येक श्रुतीचा टप्पा तो वागवतो. २००६ च्या 'साँगलाइन्स' अल्बममध्ये त्याने नुसरत फतेह अली खाँ यांची कव्वाली वाजवली आहे.

आणि घरच्याच दिशेने जायचं तर ब्रिजभूषण काब्रा. तेही अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' अनेक मराठी घरांत आहे. काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे, ड्युएन उभी धरून, त्यामुळे दाब आणि वजन पूर्ण वेगळं पडतं. काब्रांची तंत्रं उचलायची असतील तर त्यासाठी तारा बऱ्याच उंच केलेली दुसरी गिटार ठेवा. एकाच गिटारवर दोन्ही करायला गेलात तर नटची उंची सतत बदलत बसाल.